आवाज बंद ठेवून पाहिलेली मालिका

मंदाकिनी टिपरे या बाईवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिने केबलवर 'कडीकोयंडा' नावाची मालिका आणली. लग्न झालेली नंदिता घरातल्या भाडेकरूच्या प्रेमात पडते आणि त्याची तिला लाजही वाटत नाही, असली गोष्ट तोवर आमच्याकडे कुणी टीव्हीवर पाहिली नव्हती. मी तेव्हा घोडेगावात मास्तर होतो. दिवसा मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचो आणि रात्री साडेदहाला नंदिताची वाट बघायचो. पुढे ही टिपरेबाई हिंदीत गेली. तिथल्या तिच्या नायिका झोपेतसुद्धा दागिने घालून असायच्या. मग एका स्वयंपाकाच्या स्पर्धेत परीक्षक झाली, मग मसाल्याची जाहिरात केली. मसाल्याची! मला तर त्या दिवशी जेवण गेलं नाही.

यावरून माणिकचंद शेठच्या कापडाच्या दुकानात आमची भांडणं व्हायची. शेठ शांतपणे म्हणायचे, "मास्तर, गिऱ्हाईक जिकडं असंल तिकडं मानूस दुकान टाकतो. तिला काय तुमी पेन्शन देनार होता का?"

आमच्यातला तिसरा म्हणजे हौशीराम पडवळ. महाळुंगे पडवळचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं त्याचं दुकान एसटी स्टँडमागे आहे. टिपरेबाई पुढे कुठे गेली, काय केलं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला नंदिताचे संवाद पाठ होते. गंमत अशी, की हौशीरामने ही मालिका कधी ऐकलीच नव्हती.

त्याचं घर दोन खोल्यांचं. मध्ये नुसता पडदा, पलीकडे आईवडील झोपलेले. असली मालिका लावायची म्हणजे आवाज बंद ठेवूनच. हौशीराम रिमोट घेऊन पडद्यापाशी बसायचा. आई खोकली की चॅनेल बदलायचं काम त्याचं. टीव्ही त्याला तिथून तिरका दिसायचा, आणि निम्मा वेळ त्याचं लक्ष पडद्याकडेच. पाहायची ती त्याची बायको, अंजना. अंजना शिनोलीची. तिचा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा होता आणि त्याच्याबरोबर लहानाची मोठी झाल्यामुळे तिलाही नुसत्या ओठांवरून बोलणं ओळखता यायचं. नंदिता जे बोलायची ते अंजना कुजबुजत नवऱ्याला सांगायची. असे दोनशे भाग त्यांनी पाहिले.

तीन वर्षांपूर्वी अंजनावहिनी काविळीने गेल्या. तेव्हापासून हौशीराम शेठच्या दुकानात आला की नंदिताचे संवाद म्हणायचा. आम्ही ऐकून घ्यायचो. माणूस गेल्यावर लोकांकडे त्याचे फोटो राहतात; हौशीरामकडे बायकोचा आवाज राहिला होता आणि तो या संवादांत होता. मला ते कळत होतं. तरी शेवटच्या भागावरून मी वाद घालायचोच, कारण माझी खोडच तशी आहे.

शेवटच्या भागात नंदिता बॅग घेऊन दारात उभी राहते. हौशीरामच्या मते तिथे ती नवऱ्याला म्हणते, "तुमी येकदा म्हनला असता, जा, मी हाये हितं. मी गेले नसते वो. पन तुमी म्हनायला पायजे व्हतं."

"अरे, ती काही बोलतच नाही तिथे," मी म्हणायचो.

"तुमाला इसार पडलाय मास्तर."

शेठही मध्ये पडायचे. "हौशीराम, नंदिता बंगल्यातली बाई. नवऱ्याला अरेतुरे करनारी. ती 'वो' कशी म्हनंल?"

"अंजनानी आपल्या बोलीत सांगितलं. यवढंच."

यंदा दिवाळीनंतर शेठची सून रिद्धी मोबाइल घेऊन पुढे आली. टिपरेबाई कुठल्याशा अ‍ॅपवर 'कडीकोयंडा'चं दुसरं पर्व आणणार होती आणि त्याआधी जुने सगळे भाग तिथे टाकले होते. मी बाईला आधी शिव्या दिल्या, मग रिद्धीला म्हटलं, लाव. हौशीराम उठला आणि निघून गेला. पुढे पंधरा दिवस तो फिरकला नाही.

मला चैन पडेना. मी त्याच्या दुकानात गेलो. तो मोटरीत तांब्याची तार भरत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"मास्तर, ती नंदिता तिच्या आवाजात बोलाया लागली, की माझ्या कानातली अंजना जाईल. माझ्यापाशी दुसरं काय न्हाई राहिलेलं."

मी चपला घातल्या आणि परत आलो.

आणि मग एका सोमवारी दुपारी तोच शेठच्या दुकानात आला. दाढी वाढलेली. रिद्धीला म्हणाला, "पोरी, फकस्त शेवटचा शीन लाव." आम्ही बघतच राहिलो. तो शेठजवळ गादीवर बसला. "त्या बोलन्याच्या आदी ती आजून कायतरी म्हनली व्हती. दोन-चार दिस झालं, मला त्ये आठवंना झालंय. शीन बगितला म्हंजी घावंल." बायकोचं एक वाक्य त्याच्या हातून निसटलं होतं आणि ते परत मिळावं म्हणून तो बाकीची सगळी पणाला लावायला तयार झाला होता.

रिद्धीने लावलं. नंदिता दारात उभी. आपल्याकडे पाठ. नवरा टेबलाशी बसलेला. ती तशीच उभी राहते, खूप वेळ. एकदाही वळत नाही. आवाज अडकलाय असं वाटून रिद्धीने तो वाढवला, तर छताच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली. मग नंदिता बॅग खाली ठेवते आणि पाटी येते, समाप्त.

"परत लाव."

तिने परत लावलं.

"तोंडच दिसत न्हाई तिचं," हौशीराम म्हणाला.

शेठ उगाच एक पीस उलगडून पुन्हा घडी घालायला लागले. तीन वर्षं घातलेला वाद मी जिंकला होता आणि हरलो असतो तर बरं, असं मला वाटत होतं.

मग हौशीराम म्हणाला, "लग्नाच्या टायमाला तिचा नर्सिंगला नंबर लागला व्हता. पुन्याला. आमची आई नगं म्हनली. मी काय बोललोच न्हाई. तिनं बी परत कदी त्यो इषय काडला न्हाई."

रिद्धीने मोबाइल बंद करून बाजूला ठेवला.

"शेवटच्या भागाच्या राती तिनं नंदिताचं म्हनून त्ये बोलनं सांगितलं, तवा मी इचारलं, मंग तिचा नवरा काय म्हनला?" हौशीराम आमच्याकडे बघत नव्हता. "तर अंजना टीव्हीकडं बगतच नव्हती, मास्तर. माझ्याकडं बगत व्हती. म्हनली, आजून तरी काय न्हाई."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. मी म्हनलो, संपलं वाटतं. आन् टीव्ही बंद केला."