शेवंता ‘कोण’ विचारायची नाही

त्या दुपारी आम्ही नवरा-बायको शेंगा फोडत बसलो होतो. निम्मे दाणे माझ्या तोंडात. “आवो, चटणीला ऱ्हाऊ द्या की काय तर,” शेवंता म्हणाली आणि हात धुवायला घरामागच्या परड्यात गेली. धप्प आवाज आला... धावलो, तर पायरीजवळ पाणी आणि ती पडलेली. डोकं आपटलं होतं. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. महिना झाला, अजून डोक्यात शिरत नाही. बोलता बोलता माणूस असं जातंय व्हय?

बेळगावात उद्यमबागेतल्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत आम्ही दोघं कामाला. मी साचे करायचो, ती साच्याच्या आत बसणारे वाळूचे कोर. एकदा मालाला भोकं पडली, सगळा माल परत आला. मी ओरडलो, “कुणाचं काम हाय हे?” ही म्हणाली, “माणसाला शिव्या देऊन भोक बुजतंय व्हय? कोर ओला का ऱ्हायला ते बघा की.” कोर भाजायच्या भट्टीचं दार नीट मिटत नव्हतं; ओल्या कोरची वाफ होऊन मालाला भोकं पडत होती. पुढं पुण्याहून क्वालिटी शिकवणारे साहेब आले. जपान्यांची रीत म्हणून फळ्यावर एका ‘का’खाली दुसरा ‘का’ लिहीत गेले. हिला हसू आवरेना. “साहेब, आमच्या निपाणीच्या विहारात भन्तेजी ह्येच सांगत्यात. हे हाय म्हणून ते होतंय. हे काढा, ते थांबतंय.” निपाणी तिचं माहेर. साहेबांनी त्या दिवशी डबा तिच्याशेजारीच उघडला, दोघं बुद्धावर बोलत बसले. मी आपला भाकरी खात होतो. मला त्यातलं काय कळतंय!

पण त्या दुपारी गेलेल्या शेवंताला घरी आणलं तेव्हा मात्र मी सुनेवर तुटून पडलो. “सुनंदा, पाणी तूच सांडलंस न्हवं? मारलंस की गं तिला!” सगळ्या गल्लीसमोर. संध्याकाळी शेवंताला मसणात पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सुनंदा पिशवी भरून दाराशी. संकेश्वरला माहेरी निघालेली. पोरगा म्हणाला, “आप्पा, ती गेली तर मी बी जाणार.” माफीचा शब्द काय तोंडातून निघेना. मी परड्यात गेलो. पायरी परत ओली. रात्रभर तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. गुडघ्यावर बसलो, हातानं चाचपत पाण्याच्या मागं मागं गेलो. टाकीखालच्या अंधारात कुठनं तरी झिरपत होतं.

“सुनंदा,” मी हाक मारली, “बॅटरी आण गं. हे पाणी का येतंय, बघूया दोघं.”

दाराशी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.