मानवेलची अमेरिका

मानवेल तुस्कानो आयुष्यात एकदाच अमेरिकेला गेला होता, तोही सुट्टीत, भावाकडे, आणि त्यातली निम्मी सुट्टी त्याचं पोट बिघडलेलं होतं. पण महामारीच्या त्या पहिल्या वर्षात त्याने त्या देशाची जेवढी काळजी वाहिली, तेवढी तिथल्या लोकांनी वाहिली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं त्याचं ठाम मत होतं. मी म्हणायचो, बाबा रे, आपण ऑस्ट्रेलियात, ब्लॅकटाउनला राहतो. आधी तुझी कचऱ्याची बिन बाहेर काढ, ट्रक यायची वेळ झाली.

त्याच्या आणि माझ्या बॅकयार्डच्या मध्ये खांद्याइतकं लाकडी कुंपण आहे. दोघांचंही ऑफिस घरी आलं आणि ते कुंपणच आमचा कट्टा झालं. मी पुण्याचा, तो वसईचा. तो एका विमा कंपनीत क्लेम तपासतो, म्हणजे ज्यांच्या गाडीवर झाड आपण होऊन चालून आलं, अशांचं खोटं पकडतो. माणूस सरळ, पण पायाला भिंगरी. एका हातात फोन, दुसऱ्यात चहाचा मग, आणि कपड्यांच्या तारेभोवती फेऱ्या. अमेरिकेच्या संध्याकाळच्या बातम्या इथे सकाळी लागतात, त्यामुळे त्याचा दिवस उगवायचाच मुळी तापलेला.

या सगळ्याचं मूळ त्याचा थोरला भाऊ जेरोम. जेरोम न्यू जर्सीला असतो, तिथला नागरिक आहे, दाराबाहेर भलामोठा झेंडा लावतो. तो त्या वेळच्या अध्यक्षाचा कट्टर भक्त, आणि मानवेल तितकाच कट्टर विरोधक. जेरोमच्या मते आपल्या अध्यक्षाच्या विरोधात बोलतो तो देशद्रोही. मानवेलच्या मते देश सोडून एका माणसाच्या मागे जातो तो देशद्रोही. मजा म्हणजे ज्या देशावरून हे चालायचं, तो दोघांच्या बापजाद्यांनी नकाशातसुद्धा नीट पाहिला नव्हता. वर जेरोम याला टोमणा मारायचा, "तू मला निष्ठा शिकवतोस? इतकी वर्षं ऑस्ट्रेलियात राहून अजून तिथला पासपोर्ट घेतला नाहीस. तू नक्की कुणाचा?" हा टोमणा मानवेलला फार लागायचा. भारताचा पासपोर्ट सोडायला त्याचा हात धजावत नव्हता, हे त्याने मला सांगितलं होतं. भावाला कधी सांगितलं नाही.

वसईला त्यांची आई, ॲग्नेसबाई, एकट्या राहतात. सगळ्या सीमा बंद, ना हा मुलगा येऊ शकत होता ना तो. म्हणून त्यांनी एकच मागणं केलं होतं: दर रविवारी दोघांनी व्हिडिओवर येऊन त्यांच्याबरोबर रोझरी म्हणायची. त्यांची पहाट, आमची दुपार व्हायच्या आधीची वेळ, आणि जेरोमची शनिवारची संध्याकाळ. रोझरीचे दहा-दहा मण्यांचे पाच भाग. प्रत्येक भाग एकाने चालवायचा, आणि सुरू करण्याआधी ही प्रार्थना कशासाठी, तो हेतू मोठ्याने सांगायचा. शेवटी धाकट्याने थोरल्याकडे आशीर्वाद मागायचा. घरात वाय-फाय रडायचं म्हणून मानवेलची मंडळी मागच्या अंगणात बसत, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. मी कान बंद करून घेतले असं म्हणणार नाही.

अमेरिकेतल्या निवडणुकीनंतरच्या रविवारी मानवेलने हेतू सांगितला, "जे देशापेक्षा एका माणसाला मोठं मानतात, त्यांना सुबुद्धी मिळावी म्हणून."

ॲग्नेसबाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी भक्तिभावाने "आमेन" म्हटलं.

पुढचा भाग जेरोमचा. तो म्हणाला, "जे जन्मदेशाचे राहिले नाहीत आणि राहत्या देशाचेही झाले नाहीत, त्यांच्यासाठी."

"आमेन," ॲग्नेसबाई म्हणाल्या.

अशी प्रार्थना मी जन्मात ऐकली नव्हती. नमो मारिया म्हणतानाही दोघांचे आवाज चढत होते. मी कुंपणाआड तोंड दाबून हसत होतो. पण शेवटी मानवेलने आशीर्वाद मागितलाच नाही, कॉल तोडला, आणि माझं हसू मावळलं. पुढच्या रविवारी जेरोम आला नाही. त्याच्याही पुढच्या नाही. ॲग्नेसबाई दर वेळी विचारायच्या, "जेरोमचा फोन बिघडलाय का रे?" आणि मानवेल तारेभोवती आणखी चार फेऱ्या मारायचा. नाताळही तसाच गेला.

मग जानेवारीतली ती सकाळ. वॉशिंग्टनला संसदेच्या इमारतीत जमाव घुसला. मी दात घासतच बाहेर आलो, तर मानवेल कुंपणाशी हजर. डोळे लाल.

"बघितलंस, चारू? म्हणे देशभक्त! एकेकाला शोधून आत टाकायला पाहिजे. फोटो निघतीलच. ज्याला ओळख पटेल त्याने स्वतः होऊन कळवावं. सख्खा भाऊ असला तरी!"

"जेरोम गेला नाही ना?" मी सहज विचारलं.

हा विचार त्याला शिवलाच नव्हता, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. मग त्याने फोन लावला. जेरोमने उचलला नाही. दिवसभर तो लावत राहिला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये लावला, जेवताना लावला. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याची चप्पल गवतावर फिरून फिरून तिथे पायवाट पडायची तेवढी बाकी होती.

शुक्रवारी मी त्यांच्या अंगणात आंबे द्यायला गेलो. त्याची मुलगी कॅसँड्रा, युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाची, फोन घेऊन बाहेर आली. "Dad, look." कुणीतरी गर्दीत काढलेला व्हिडिओ होता. लाल टोप्यांचा पूर, आणि इमारतीच्या पायऱ्यांवर मधोमध एक लोकरीची हिरवी-पिवळी टोपी. ऑस्ट्रेलियाच्या टीमच्या रंगांची. टोपीखालचा चेहरा अर्धाच दिसत होता. माणूस पायऱ्या चढत होता की उतरत होता, कळत नव्हतं.

मी ती टोपी ओळखली. जेरोम इथे आला होता तेव्हा आमच्या बार्बेक्यूला भर उन्हात घालून बसला होता, पुतणीने दिली म्हणून.

"That's Uncle Jerome. I picked that beanie for him," कॅसँड्रा म्हणाली.

मानवेलने व्हिडिओ पुन्हा पाहिला. पुन्हा पाहिला. लोकांचं खोटं पकडून पोट भरणारा माणूस, पण त्याला स्वतःला अजिबात खोटं बोलता येत नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तो नाही," तो म्हणाला. "हजार लोक घालतात अशा टोप्या."

"In Washington?"

"नाही म्हटलं ना!"

"But you said people should report. Even if it's a brother. तूच म्हणालास!"

मानवेलने माझ्याकडे पाहिलं. मी आंब्यांच्या पेटीकडे पाहिलं. आंबे क्वीन्सलँडचे होते, ठीकच होते.

रविवारी प्रार्थनेला जेरोम आला. ॲग्नेसबाईंनी काय सांगून आणलं देव जाणे. मी माझ्या बाजूला टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत होतो. सकाळीच घातलं होतं, पुन्हा घालत होतो. मानवेलची पाळी आली.

"मानवेल, हेतू सांग," ॲग्नेसबाई म्हणाल्या.

"भावासाठी," तो म्हणाला. पुढे काही जोडलं नाही.

"आमेन," जेरोम म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता.

माळ संपली. मानवेलने आधी आईकडे आशीर्वाद मागितला, मग जेरोमकडे. "देव तुझं भलं करो," जेरोम एवढं म्हणाला, आणि मग उगाच बोलल्यासारखं, "इथे थंडी फार आहे रे, मानू. ती कॅसँड्राची टोपी हरवली माझी."

मी पाण्याचा नळ बंद केला.

"हरवू दे," मानवेल म्हणाला. "दुसरी पाठवतो. साधी काळी."

एक खुर्ची मागे सरकली. घराचं जाळीचं दार आपटलं. कॅसँड्रा आत निघून गेली होती. ॲग्नेसबाई विचारत होत्या, कसला आवाज झाला, आणि दोन्ही मुलं एकदम म्हणाली, वारा.

कॉल संपला तसा मानवेल कुंपणाशी आला. माळ अजून बोटांत गुंडाळलेली. गेलं वर्षभर मी त्याला एका जागी उभा असलेला पाहिला नव्हता, आणि आता उभा होता तर मलाच ते बघवेना. त्याला कुणीतरी ओरडून सांगावं की तू चुकलास, किंवा तू बरोबर केलंस, असं वाटत असावं. मला दोन्ही वाटत होतं.

"चारू," तो म्हणाला, "तू तो व्हिडिओ पाहिलास ना? ती टोपी..."

"कसली टोपी?" मी म्हणालो.