कुपनावर नसलेली सुशीला

आमच्या ह्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन मीच देते. तेव्हाही मीच देत होते. तेव्हा म्हणजे मी तरुण असताना, सहासष्टाव्या वर्षी. हसू नका. आता मी अंघोळीला गेले तरी सून बाथरूमच्या दाराशी उभी राहून दर दोन मिनिटांनी हाक मारते. त्या मानाने सहासष्ट म्हणजे ऐन जवानीच की. आणि जवानीत माणसाला जेवढी अक्कल कमी असते, तेवढी मला कमी होती.

पुतण्याच्या मुलाचं लग्न होतं सोलापुरात. आम्ही मुलाकडे पुण्याला राहायला गेलो तेव्हाच सोलापूरचं घर विकलेलं, त्यामुळे आमची सोय स्टेशनजवळच्या एका हॉटेलात केली होती. जिथं अख्खा संसार केला त्या गावात खोलीची किल्ली मागून घ्यायची, म्हणजे आपल्याच घरी बेल वाजवून जाण्यासारखं. पण रात्री लिफ्टमध्ये नाष्ट्याचा फलक वाचला आणि माझा राग उतरला. ज्वारीचे धपाटे, मटकीची उसळ, दही, उकडलेली अंडी, पोहे, इडली, शिरा. मी झोपतानाच ह्यांचं ताट मनात वाढून ठेवलं. दोन धपाटे, वाटीभर उसळ, दही. शिऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही.

सकाळी साडेसातला खोलीतच इंजेक्शन दिलं. ते दिलं की अर्ध्या तासाच्या आत पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरते. डॉक्टरांनी हे मला बजावलं होतं आणि मी ते साऱ्या गोतावळ्याला बजावत फिरायचे. नात्यात कुणाला शुगर निघाली की मी त्याच्या घरी प्रवचनाला हजर.

पावणेआठला खाली आलो. ह्यांना भिंतीकडेच्या टेबलाशी बसवलं. टेबलावर वाटीत साखरेच्या पुड्या होत्या. आमच्या ह्यांचा हात त्या बाबतीत भारी चपळ, चहा येईपर्यंत दोन पुड्या पोटात गेलेल्या असायच्या. म्हणून मी सगळ्या पुड्या उचलून पर्समध्ये टाकल्या, चेन लावली आणि दोन कुपनं घेऊन काउंटरवर गेले.

काउंटरवर नवा कागद चिकटवला होता. ‘आजपासून नाष्ट्यास पोहे अथवा इडली. एका कुपनावर एकच पदार्थ.’

“आजी, पोहे की इडली?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं. बोलण्यावरून ती आमच्या भागातली वाटत नव्हती.

“धपाटे.”

“धपाटे बंद केलेत आजपासून.”

“रात्री लिफ्टमध्ये तर चालू होते.”

“तो जुना बोर्ड आहे आजी. अन्न फार वाया जातं, म्हणून मालकांनी दोनच पदार्थ ठेवलेत.”

“दोन कुठं ठेवलेत? एकच ठेवलाय. पोहे तांदळाचे, इडली तांदळाची. शुगरच्या माणसानं काय अक्षता खायच्या?”

माझ्या मागे रांगेत कुणीतरी हसलं. झालं! कुणी हसलं की मला जोर चढायचा. मी उसळीबद्दल विचारलं. नाही. अंडी? नाही. मग मालकाला फोन लावायला सांगितला. मालक फोन उचलेना.

“मावशी, घ्या की कायतरी,” मागचा एक गृहस्थ म्हणाला. “आमालाबी पोटं हायत.”

“तुम्ही पुढं व्हा. मी इथंच उभी राहणार.”

ह्यांनी टेबलावरून हाक मारली, “अगं, मला इडली चालेल.”

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काहीही चालतं!”

समोरच्या घड्याळात आठ वाजून गेले होते. मी ते पाहिलं. आज कबूल करते, पाहिलं होतं. पण माझं भांडण अगदी रंगात आलं होतं. ताजी इडली वाफा काढत माझ्या हाताच्या अंतरावर होती, आणि मी त्या पोरीला ज्वारीचे फायदे सांगत होते. ह्यांनी आणखी एकदा काहीतरी म्हटलं. मी मागे न बघता हातानेच ‘थांबा’ म्हटलं. सव्वाआठ झाले.

तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला. जरा घोगरा.

“सुशीला.”

काउंटरवरची मुलगी लगबगीने यादी चाळू लागली. “सुशीला मॅडम कोणत्या रूममध्ये आहेत? यादीत नाव दिसत नाही.”

मी भांडण अर्ध्यावरच सोडलं. का, ते सांगायला मला त्या वेळच्या माझ्याहूनही मूर्ख अशी एक मुलगी तुम्हाला दाखवावी लागेल. वय वीस, लग्नाला आठ दिवस झालेले. नवरा ऑफिसातून आला, पाय धुतले आणि म्हणाला, “आज सुशीला असती तर मजा आली असती.” त्या मुलीने आत जाऊन पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि तडक एस. टी. स्टँड गाठलं. माहेरच्या, दुधनीच्या गाडीत चढून खिडकीशी बसली, पदरात तोंड खुपसून. सासूबाई बार्शीच्या, जाडजूड बाई, धापा टाकत मागोमाग आल्या आणि खिडकीखालून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडल्या, “अगं बये, उतर खाली! सुशीला म्हंजी चुरमुरं गं, चुरमुरं! भिजवून फोडणीला टाकत्यात ती!”

आमच्या दुधनीकडं अर्धा कारभार कानडी. त्याच भिजवलेल्या चुरमुऱ्यांना आम्ही सुसला म्हणायचो. मला काय ठाऊक, बार्शीकडं त्याची बाई होते म्हणून! ती कंडक्टरसकट सगळी गाडी हसली. घरी आल्यावर मी ह्यांना दम भरला, या घरात पुन्हा ते नाव काढायचं नाही. त्यांनी काढलं नाही. सेहेचाळीस वर्षं सुसलाच म्हणाले, अगदी स्वतःच्या आईपुढेसुद्धा.

शुद्धीत असताना ते हा शब्द माझ्यासमोर बोलणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

मी वळले. एसी चालू असून ह्यांच्या सदऱ्याची कॉलर घामाने भिजली होती. नजर कुठंच नव्हती. आणि बोटं टेबलावरची रिकामी वाटी चाचपत होती, पुन्हा पुन्हा.

साखर माझ्या पर्समध्ये होती.

चेन उघडेना. जोरात हिसडा दिला. शेवटी उघडली, तशी पर्स टेबलावर पालथी केली. फणी, गोळ्या, चष्मा, आणि त्या पुड्या. दातांनी फाडून ग्लासातल्या पाण्यात ओतल्या, चमच्याने ढवळून ह्यांच्या ओठांना लावलं.

“गिळा. अहो, गिळा ना.”

त्यांनी माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. “तुम्ही कोण?”

“कुणी का असेना. तुम्ही गिळा आधी.”

एक चमचा. दुसरा. थोडं हनुवटीवरून ओघळलं. तिसरा गिळल्याचं गळ्यावर दिसलं, तेव्हा मी श्वास घेतला. काउंटरवरची मुलगी डॉक्टरांना फोन लावत होती. गलका ऐकून स्वयंपाकघरातून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

“काय झालं आजोबास्नी?”

“शुगर उतरलीय वाटतं,” मुलगी रडवेली झाली होती. “आणि ते कुणा सुशीलाला बोलावतायत. ती कोण, तेच कळत नाहीये.”

त्या बाईने डोळे विस्फारले. “कोन काय? आत कढईत हाय की ती! आमच्या पोटापुरती केलीया मगाशी. आनू का?”

पाहुण्यांना दोनच पदार्थ, आणि तिसरा आत कामवाल्या बायका खात होत्या.

दहा-बारा मिनिटांत ह्यांची नजर जागेवर आली. घाम आटला. समोर ताटली आली, पिवळीजर्द, वर डाळ्याचं कूट, कोथिंबीर, मिरचीचे तुकडे. ते चमच्याने हळूहळू खाऊ लागले. मी समोर बसून होते. मला ओळखलंत का, हे विचारायचं धाडस होईना. नुसती त्यांच्या ओठांकडे बघत होते.

अर्धी ताटली संपली तेव्हा ते म्हणाले, “अगं, सुसला बरा झालाय. पण दाणे तुझ्यासारखे खमंग नाहीत भाजलेले.”

सुसला! आता माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी बिचाऱ्यांनी रुमाल पुढे केला. रिकामी वाटी आणि फाडलेल्या पुड्या त्यांनी पाहिल्या होत्या, पण एका शब्दाने विचारलं नाही.

“सुशीला म्हणतात त्याला,” मी नाक पुसत म्हटलं.

त्यांनी चमचा ताटलीत ठेवला. मग टेबलावर पुढे वाकून अगदी हळू आवाजात म्हणाले,

“दुधनीची गाडी किती वाजता आहे, विचारून ठेवू का?”