भिंतीत शिरणारा पाइप

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं, कुणी वाचलंच तर माफ करावं.

आज प्लंबरनं न्हाणीतला जुना लोखंडी पाइप कापला. गंजाचा ओला वास आला आणि जुनी गळती आठवली. सकाळपासून चारदा भिंत चाचपून आले.

लग्नाच्या पहिल्या वर्षी हाच पाइप भिंतीत शिरतो तिथं गळत होता. सासऱ्यांशी बोलायची सुनेला रीत नव्हती. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, ओल पुसत गप्प राहिले. एका सकाळी शेजारच्या आक्का मूठभर ज्वारी घेऊन आल्या. सामाईक भिंतीला टेकलेलं त्यांचं पोतं भिजून कोंब फुटले होते.

"तोंड हाय न्हवं तुला?"

"मामंजींना सांगू नका, आक्का. पैसे मी भरते."

"ज्वारीचं न्हाय सांगत. पाइपाचं तूच सांगायचं, आत्ता."

त्या दारातून हलेनात. पदर सावरत मी मामंजींशी पहिल्यांदा बोलले. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "आधी सांगायचं की." दुपारी तेवढा तुकडा बदलला.

तेव्हा आक्का दुष्ट वाटल्या होत्या. आता तसं वाटत नाही.

शेणाच्या शेणी थापून, विकून मी पाच महिन्यांत त्यांच्या पोत्याचे सगळे पैसे फेडले.