काजळी काढताना आबा बोलले

आम्ही इंदापूर सोडलं त्या सकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गॅरेजचं शटर वर केलंच नाही. एरवी गावात लग्न असो की मयत, ते शटर उघडायचंच. महेशला, माझ्या नवऱ्याला, चेक देशातल्या एका लहानशा गावात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि मी त्याच्याबरोबर निघाले होते. जीप दारात उभी होती. आई डबा बांधत होती, धाकटा भाऊ नितीन टपावर बॅगा चढवत होता आणि आबा जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. गाडीला काही झालेलं नाही, असं ड्रायव्हर सांगत होता. आबांनी तरी तेल बघितलं, पाणी बघितलं, पट्टा दाबून बघितला. मग बॉनेट लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मुंबईपत्तूर हिला काय व्हायचं न्हाय. फुडचं इमानवाल्यांनी बघावं.” निरोप म्हणाल तर एवढाच.

आमचं मूळ गाव लोणी भापकर. तिथली जमीन पावसाच्या भरवशाची, म्हणून आबा तरुणपणीच इंदापूरला आले आणि बारामती रस्त्याला त्यांनी टू-स्ट्रोक मोटरसायकलींचं गॅरेज टाकलं. तेव्हा सगळे दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवून याच गाड्या पळवायचे. या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. ते धड जळलं नाही की त्याची कडक काजळी पिस्टनच्या डोक्यावर, हेडच्या म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या आत आणि धूर बाहेर पडायच्या तोंडाशी बसत जाते. धूर कोंडला की गाडी ओढत नाही, आणि एक दिवस किक मारून पाय दुखला तरी चालू होत नाही. मग हेड उतरवायचं, पिस्टन काढून रॉकेलमध्ये भिजत घालायचा आणि बांबूच्या चिपेनं काजळी खरवडायची. शाळा सुटली की मी हेच करत बसायची. फ्रॉकवर डाग पडायचे आणि आईची बोलणी खावी लागायची. पण खाली चकचकीत धातू दिसायला लागला की मला फार बरं वाटायचं. पुढं मी बारामतीला कॉलेजात गेले, लग्न झालं आणि ते काम सुटलं.

इथं आल्यावरचं पहिलं वर्ष कसं गेलं ते तुमच्यातल्या बाहेर पडलेल्यांना वेगळं सांगायला नको. महेश कामावर गेला की घरात मी आणि खोली गरम ठेवणारा रेडिएटर. दुकानात ‘दोब्री देन’ म्हणजे ‘नमस्कार’ एवढं म्हणता यायचं. समोरच्यानं पुढं काही विचारलं की मी नुसती हसायची. इंदापुरात रस्त्यानं चालताना चार जण हटकायचे, कुणाची कोण म्हणून विचारायचे, त्याचा मला कंटाळा यायचा. इथं आठवडाभर कुणी काही विचारायचं नाही. मग लायब्ररीतल्या भाषेच्या वर्गाला जायला लागले आणि हळूहळू पाय टेकले.

आणि तेवढ्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी चहा पिताना कप हातातून सुटला. नितीननं लगेच बारामतीला नेलं म्हणून निभावलं. हात-पाय महिन्याभरात वळणावर आले, पण जिभेत जडपणा राहिला. बोलत राहा, बोलूनच बोलणं सुधारेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आबा सुरुवातीला बोललेही. मग एक दिवस जुनं गिऱ्हाईक भेटायला आलं आणि काय म्हणताय ते कळंना आबा, असं सहज बोलून गेलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून आबांनी तोंड मिटलं. खुणेनं चहा मागायचे, खुणेनं नको म्हणायचे. माझा फोन आला की भिंतीकडे वळून झोपायचे. मला निघता येत नव्हतं. रहिवासाच्या परवान्याचे कागद नूतनीकरणाला गेलेले, ते हातात आल्याशिवाय देश सोडला तर परत येण्याची अडचण. मी रोज फोन करायची आणि आई रोज एकच सांगायची, “आज बी न्हाय गं.” पुढंमागं काही झालं तर, या धास्तीनं आबांचा आवाज मला शेवटचा कधी ऐकू आला ते आठवायचा मी प्रयत्न करायची, आणि फोनवरचा न आठवता जीपच्या बॉनेटजवळचाच आठवायचा.

आमच्या खाली पावेल नावाचे आजोबा राहतात. एकटेच असतात. दर शनिवारी ते अंगणातल्या शेडमध्ये एका जुन्या मोटरसायकलला किका मारायचे, पण ती चालू व्हायची नाही. एका शनिवारी मी कचरा टाकायला गेले आणि ती गाडी नीट बघितली. दोन सायलेन्सरची, गोल टाकीची, थेट आबांच्या गॅरेजमध्ये यायची तसली. मी वाकून सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं, ते काळंकुट्ट निघालं. मोडक्यातोडक्या चेकमध्ये विचारलं, ऑइल किती टाकता? त्यांनी बाटली तिरकी करून दाखवली, म्हणजे अंदाजपंचे. मी म्हटलं, हेड काढू या. ते माझ्या पंजाबी ड्रेसकडे बघत राहिले, मग पाना आणायला गेले.

पुढच्या शनिवारी शेडमधल्या बाकावर हेड, भिजून निघालेला पिस्टन आणि सिलिंडर मांडून आम्ही बसलो. इतकी काजळी मी जन्मात बघितली नव्हती. आणि एकदम वाटलं, हे आबांना दाखवावं. त्यांनी बोलावं म्हणून नव्हे. नुसतं बघावं. इंदापुरात दुपार टळत होती. मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सांगितलं, फोन त्यांच्या उशाशी धर, काही विचारू नकोस.

बराच वेळ पडद्यावर आमच्या घराची भिंत दिसत होती. मग कूस बदलल्याचा आवाज आला आणि आबांचा अर्धा चेहरा दिसला. दाढी वाढलेली. मी पिस्टन कॅमेऱ्यासमोर धरला, सिलिंडर फिरवून धुराचं तोंड दाखवलं. ते अर्ध्याच्या वर बुजलेलं होतं. आबांनी डोळे बारीक केले. पिस्टन मी परत बाकावर ठेवला, तर पावेलना दम निघेना. त्यांनी मोठा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पिस्टनच्या डोक्यावर टेकवला.

“थाम.”

शब्द जाडा होता, पण आवाज गॅरेजमधला. पावेलना मराठीचं अक्षर कळत नाही, तरी त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

“लोखंड नगं,” आबा म्हणाले. एकेक शब्द ओढून काढावा तसे बोलत होते. “वरखडा उटंल. बांबू घ्या म्हनावं त्यास्नी.”

इथं बांबू कुठला, मी म्हणाले. आवाज मी साधाच ठेवला; रडले असते तर ते पुन्हा भिंतीकडे वळले असते. आबांनी विचार केला. मग म्हणाले, “उलथनं हाय का लाकडाचं?”

मी वर पळत जाऊन स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं आणलं. पावेलनी त्याला चाकूनं धार काढली आणि आम्ही आळीपाळीनं काजळी खरवडली. आबा उशीला टेकून बसले आणि मधून मधून सांगत राहिले. पिस्टनवरच्या रिंगच्या खाचा साफ करायला जुन्या रिंगचाच तुकडा घ्या. सायलेन्सरची आतली नळी बाहेर काढून जाळावर धरा. निम्मं मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. एकदाही ते चिडले नाहीत. सॉसेज भाजायला पावेलनी अंगणात दगडांची चूल केलेली आहे, तिच्यावर त्यांनी ती नळी धरली. तिच्यातून काळा धूर निघाला तेव्हा आबा हसले. हसताना तोंड एका बाजूला जातं हे त्यांच्या लक्षात आलं आणि तरी ते हसत राहिले.

संध्याकाळी आईचा फोन आला. दुपारपासून आबा गप्प बसले नव्हते. नितीनला म्हणे गॅरेज झाडून ठेवायला सांगितलं होतं. “लई बोलले गं,” आई म्हणाली, “आता जरा इसावा घ्या म्हनायची पाळी आली.” आणि मग आम्ही दोघींनी फोनवर रडून घेतलं. मी फोन ठेवला आणि जेवायच्या आधीच झोपून गेले. कित्येक आठवड्यांत तशी झोप लागली नव्हती.

गाडी त्याच्या पुढच्या शनिवारी चालू झाली. आबांनी फोन कानाला लावून आवाज ऐकला आणि निकाल दिला की त्यो बाबा अजून बी ऑइल जास्ती टाकतोय. मी ते भाषांतर करून सांगितलं. पावेलनी दुसऱ्या दिवशी मापाचा पेला आणला.

परवाना आल्यावर मी इंदापूरला जाऊन आले. आबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात. काम नितीन करतो. गिऱ्हाइकाला कळलं नाही तर आबा पुन्हा सांगतात, तरी कळलं नाही तर तिसऱ्यांदा. काही शब्द अजून अडखळतात. अडखळोत.

तुम्ही जे तिकडं इंदापुरात राहिलात ते विचारता, आता तुझं घर कुठलं? नीट उत्तर मला अजून देता येत नाही. पण रविवारी फोन लावला की पाच मिनिटांत माझी चौकशी संपते आणि आई-आबांचं आपसात सुरू होतं. चहात साखर कुणी टाकली, म्हशीवाल्याला निरोप कुणी दिला नाही, लोणीच्या पाहुण्यांकडं कधी जायचं. फोन बंद करायचं दोघांच्याही ध्यानात नसतं. मीही करत नाही. तो ओट्यावर टेकवून ठेवते, भाजी चिरते, कणीक मळते. मधेच महेश येऊन विचारतो, कुणाशी बोलतेयस? मी सांगते, कुणाशीच नाही, घरी आहे.