दंडातली बेडकुळी

फर्निचरच्या दुकानात सगळे त्याला हत्ती म्हणत. भलंमोठं लाकडी कपाट पाठीवर घेऊन हा गडी तीन मजले चढायचा आणि वर गिऱ्हाइकालाच विचारायचा, "दम लागला का हो तुम्हाला?" घरी मुलीसाठी वेगळा खेळ. मूठ आवळून दंडाची बेडकुळी काढायची. पोर ती दाबायला जायची, की बेडकुळी टुणकन वर! ती खिदळायची आणि हत्तीला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं.

आता तीच मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि हत्ती भर उकाड्यात लांब बाह्यांचे सदरे घालत होता. हातातून साधी खुर्ची निसटली, तेव्हा तो डॉक्टरकडे गेला होता. नसा मरताहेत, स्नायू झडत जातील, औषध नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. कातडीखाली आपोआप होणारी फडफड त्याचीच खूण. त्यानं हे फक्त बायकोच्या कानावर घातलं. "पोरीची परीक्षा होऊ दे. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची." मेल्या देवानं मूठ तरी धड ठेवायची!

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली.

"बाबा, गंमत ऐका. मसल हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आलाय. दंड हलला की कातडीखाली उंदीर पळतोय, असं वाटायचं म्हणे त्या लोकांना."

"उंदीर कसला? आपली तर बेडकुळी."

"तेच तर! काढा ना, किती दिवसांत पाहिली नाही."

"आता कसली बेडकुळी? म्हातारा झालो."

"नाटकं नकोत हं." तिनं मनगटाचं बटण काढून बाही वर सरकवलीसुद्धा. गॅसपाशी उभी आई नुसती बघत राहिली.

त्यानं मूठ आवळली, दात आवळले. काहीच वर आलं नाही. हात थकून सैल पडला, आणि मग कातडीखाली काहीतरी वळवळलं, थांबलं, पुन्हा पळालं.

"अगंबाई, हा तर खरंच उंदीर..." ती हसली आणि अर्ध्यातच थांबली. अशा फडफडीचं पान तिनं सकाळीच वाचलं होतं. लहानपणीसारखा तिनं दंडावर तळवा दाबून धरला. वळवळ थांबेना.

"कधीपासून?"

"तुझी परीक्षा झाली की सांगणारच होतो गं."

तिनं बाही खाली ओढली. बटण लावायला त्याची बोटं पुढे आली, काजाशी चाचपडली आणि परत गेली. मग ते तिनंच लावलं.