चेंडू न पाहणारी अक्का

बास्केटबॉलचा सामना पाहताना अक्का चेंडूकडे कधीच पाहत नसे. टॅब पोह्यांच्या डब्याला टेकवायची, चष्मा नीट करायची आणि चेंडू जिथे असेल त्याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला बोट ठेवायची. "बॉल तठेच शे, कोठे जास? तू बठ्ठास्ना पाय देख," म्हणजे चेंडू सोड, सगळ्यांचे पाय बघ, असं मला सांगायची. चेंडू हातात असताना कुणीही धावतं. हातून गेल्यावर मागे कोण पळत येतं, तेवढंच तिला बघायचं असे. मी बास्केट झाली म्हणून टाळ्या वाजवायचे, तेव्हा ही बाई भलत्याच कुणाला तरी शिव्या घालत असायची.

धुळ्यात आमच्या शेजारी ती एकटी राहायची. शिरपूरला कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात नोकरी करून रिटायर झालेली. गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. मी कॉलेजात खेळायचे तेव्हापासून आमचं जमलं. पुढे मी नोकरीसाठी जळगावला गेले, तिथल्या जिल्हा संघातून खेळायला लागले, तरी धुळ्याला आले की पिशवी घेऊन आधी अक्काकडेच. "घर तिकडे आहे का तुझं?" असं आई विचारायची आणि तिचं बरोबरच होतं.

दर फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नामांकित खेळाडूंना एकत्र करून एक हौसेचा सामना होतो. आपल्याकडे तो सोमवारी सकाळी दिसतो. तो अक्काकडे बसून पाहायला मी रजा टाकायचे आणि अर्जात 'घरगुती कारण' लिहायचे. त्या सामन्यात कुणी कुणाला अडवत नाही. समोरचा आला की बाजूला होतात, पंगतीत पाहुण्याला वाट द्यावी तसे. अक्काचा नुसता संताप व्हायचा. "हाऊ खेय नही, वरात शे," म्हणायची. मी त्यांची बाजू घ्यायचे. वर्षभर खेळून दमतात बिचारे, पाय दुखत असतील, पुढे खरे सामने असतात. अक्का एक सबब ऐकून घेईल तर शपथ. "पाय दुखतस ते घर बसो. नाव काढीसन बलावतस, लोक लांबून येतस, आनि हाऊ फिरस."

एकदा त्या सामन्यात एक वयस्क खेळाडू, गुडघ्याला पट्टा बांधलेला, चेंडू गेल्याबरोबर जीव खाऊन मागे पळाला. बाकीचे हसले. अक्का मात्र उठली, कुरकुरत्या गुडघ्यांनी आत गेली आणि मला न विचारता चहात दुप्पट साखर घालून आणली. "याच्या मायनं देखं असतं तर तिचं पोट भरतं," म्हणाली. त्या खेळाडूचं नाव तिला शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही.

असल्या सामन्यांवर एवढा राग का, ते तिने एका हिवाळ्यात भरताची वांगी सोलता सोलता सांगितलं. ती स्वतः कॉलेजच्या संघात होती, होस्टेलवर राहून शिकत होती. तिचे वडील, आबा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून कापूस घेऊन धुळ्याला आले आणि पोरीचा खेळ बघू म्हणून एकदाच मैदानावर आले. नेमका त्या दिवशी गॅदरिंगचा प्रदर्शनीय सामना. पोरी एकमेकींना चेंडू देत होत्या, खिदळत होत्या. आबा थोडा वेळ बसले. मग एवढंच म्हणाले, "हाई हसाकरता तू घर सोडीसन ऱ्हास का?" दुसऱ्या दिवशी ट्रंक बैलगाडीत. खेळ संपला तो संपलाच. मी आबांना नावं ठेवायला लागले तर मलाच दटावलं. "त्यांचं काय चुकलं? त्यांनी जे देखं ते देखं."

आता मला हिच्याकडून काय हवं होतं? एक शब्द. माझा खेळ कसा आहे, एवढंच तिने सांगावं. मी सामन्यांचे व्हिडिओ पाठवायचे आणि दरवेळी एकच उत्तर यायचं, "यात बॉल दिसतो, तू दिसत नाहीस. समोर पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही." आणि समोर येणार कशी? गुडघ्यांपायी ती बसमध्ये चढायचीच नाही. जिल्ह्याची पदकं आली, पेपरात फोटो आला, सगळ्यांनी वाहवा केली. माझं घोडं अक्कापाशी अडलेलं.

मग दोंडाईच्याच्या एका कॉलेजात नवं मैदान झालं. उद्घाटनाला प्रदर्शनीय सामना, आणि फ्लेक्सवर माझा हा एवढा मोठा फोटो, खाली 'स्टार खेळाडू'. तो फ्लेक्स मीच मिरवत अक्काला मोबाइलवर पाठवला. सामन्याआधी आम्ही पोरींनी आपसात ठरवलं, कुणी कुणाला अडवायचं नाही, फोटो छान येऊ द्यायचे. प्रमुख पाहुण्या बाईंनी पहिला चेंडू टाकला, चुकला. बास्केटमध्ये जाईपर्यंत त्यांना टाकू दिला. मग आम्ही खेळलो. खेळलो कसल्या, फिरलो. मी तर कंबरेवर हात ठेवून प्रेक्षकांशी गप्पा मारत होते.

शेवटची तीन-चार मिनिटं राहिली असतील. मंडपातल्या मागच्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी घेतलेली अक्का मला दिसली. धुळ्याहून बसने एकटी आली होती, कधीपासून बसली होती देव जाणे. माझे कंबरेवरचे हात सुटले. मी पळायला लागले. असं पळाले की बाकीच्या पोरी 'हिला काय झालं' म्हणून बघत राहिल्या. अक्काची नजर माझ्या पायांवर होती, आणि मी कधीपासून पळायला लागले ते तिला बरोबर कळलं होतं.

सामना संपल्यावर मी घाम पुसत गेले. "अक्का, येणार म्हणून सांगायचं तरी."

"सांगितलं असतं ते तू पहिल्यापासून पयती," ती म्हणाली. रागावली नव्हती. पिशवीतून ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी आणि ठेचा काढून माझ्या हातात दिला आणि खाली बघत म्हणाली, "पाय दुखत असतील तुझे. जळगावहून आलीस ना."

मी जळगावहून आयोजकांच्या गाडीत झोपून आले होते. ते मी तिला सांगितलं नाही. नुसती भाकरी खात राहिले. तिला बसमध्ये बसवून दिलं, फोनवर नंतर कितीदा बोलले, पण त्या सामन्याचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही. मला वाटलं, पुढच्या खऱ्या सामन्याला गाडी करून तिला घेऊन जाईन, तेव्हा दाखवीन. त्याच उन्हाळ्यात अक्का गेली.

दहाव्याला गेले तेव्हा गल्लीतल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. एकीने मला जवळ बसवून घेतलं. "आता कसा आहे गं पाय तुझा? अक्का दारोदार सांगत होत्या, पोरगी एवढ्या दुखऱ्या पायानं खेळली म्हणून." दुसरीने माझ्या गुडघ्यावरून हात फिरवला, कुठलं तेल लावायचं ते सांगितलं. करोडोंत खेळणाऱ्यांना एक सबब न देणारी ती बाई माझ्यासाठी गल्लीभर खोटं बोलत फिरली होती. मला तिथे खरं सांगायचं होतं. पण मग अक्का खोटी ठरली असती.

"बरा आहे आता," मी म्हटलं.